होळी ते मृग: भाड्याने दिलेल्या घराची तपासणी आणि डागडुजी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घरमालक आणि भाडेकरू, दोघांच्याही मनात दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर येणारे हे प्रश्न आहेत. उत्तरं मुख्यतः शहरातल्या फ्लॅटसाठी आहेत. कोकणातलं कौलारू घर आणि नागपूरकडचा कूलर यांच्यासाठी वेगळे प्रश्न घेतले आहेत.

पावसाला अजून तीन महिने आहेत. आत्तापासून घाई कशाला?

कारण हे काम एका दिवसाचं नाही. भिंतीत मुरलेली ओल पुरती सुकायला काही आठवडे कडक ऊन लागतं. वॉटरप्रूफिंगचं सिमेंटकाम झाल्यावर त्यावर रोज पाणी मारावं लागतं. आणि गच्ची सोसायटीकडून करून घ्यायची असेल, तर कोटेशनं मागवण्यात आणि कमिटीची मीटिंग लागण्यातच महिना जातो. मे उजाडला की बरेच मिस्त्री आणि बिगारी लग्नसराईला गावी जातात. उरलेल्यांच्या मागे सगळं शहर लागतं.

मृग लागेपर्यंत वेळ आहे, हा हिशोबही आता धरू नका. हवामान खात्याच्या तक्त्याप्रमाणे मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. त्याआधी येणाऱ्या वळवाच्या सरी वेगळ्याच.

म्हणून होळीच्या आसपास पाहणी करा, गुढीपाडव्यापर्यंत काम कुणाला द्यायचं ते ठरवा आणि अक्षय्य तृतीयेच्या आत सगळी ओली कामं उरका. रंग त्यानंतर.

भाडेकरू राहत असताना घर बघायला जायचा हक्क मला आहे का?

आहे, पण न सांगता जाण्याचा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २८ नुसार घरमालकाला भाड्याने किंवा लायसन्सवर (लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहण्याची नुसती परवानगी) दिलेली जागा पाहता येते. त्यासाठी आधी कळवलं पाहिजे आणि वेळ वाजवी असली पाहिजे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात किमान २४ तास आधी कळवावं आणि सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर जाऊ नये, असं म्हटलं आहे. तो नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तरी सभ्यपणाचं माप म्हणून तो पाळायला काहीच हरकत नाही.

आपल्याकडे दुसरी चावी आहे म्हणून भाडेकरू कामावर असताना दार उघडून आत जाणं अजिबात योग्य नाही. भाडं भरतो तोवर ते त्याचं घर आहे. साधा निरोप पुरतो: "नमस्कार. पावसाळ्याआधी बाथरूम, खिडक्या आणि वायरिंग एकदा बघून घ्यायचं आहे. शनिवारी सकाळी अकराला आलो तर चालेल का? सोबत प्लंबर असेल. साधारण तासभर लागेल. गेल्या पावसात कुठे ओल आली होती का, तेवढं आठवून ठेवा." घरात एकट्या बाई किंवा मुली राहत असतील तर येणाऱ्या कारागिराचं नाव आधी कळवा आणि त्याला एकटा पाठवू नका, स्वतः बरोबर जा.

पाहणीची सुरुवात कुठून करायची?

भाडेकरूपासून. भिंतीवर टॉर्च मारण्याआधी खुर्चीवर बसा आणि विचारा. गेल्या श्रावणात कपाटामागे बुरशी आली होती का? पावसात कुठली खिडकी लागत नव्हती? गॅलरीतलं पाणी कधी हॉलमध्ये आलं का? गीझरच्या नळाला हात लावल्यावर कधी मुंग्या आल्यासारखं झालं का? मार्च महिन्यात कोरडी ठणठणीत दिसणारी भिंत ऑगस्टमध्ये कशी असते, हे तिथे राहणाऱ्यालाच माहीत असतं. घरमालक त्याचं ऐकून न घेता थेट मिस्त्रीचं ऐकतो, आणि बरेचसे पैसे चुकीच्या जागी खर्च होतात, असं माझं ठाम मत आहे.

भाडेकरू बऱ्याचदा सांगायला कचरतो, कारण तक्रार केली की भाडं वाढेल किंवा खोली सोडायला सांगतील अशी धास्ती असते. ती आधी काढा. "जे असेल ते सांगा, डिपॉझिटमधून कापणार नाही" एवढं स्पष्ट बोललं की माहिती मोकळेपणाने येते.

त्यानंतर पाहणी वरून खाली आणि बाहेरून आत करा. आधी गच्ची, मग बाहेरची भिंत आणि छज्जे, मग खिडक्या, शेवटी आतले नळ आणि वायरिंग. पाणी ज्या वाटेने येतं त्याच वाटेने आपण चालावं.

फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे आणि छत गळतं. खर्च माझा की सोसायटीचा?

गच्ची सामाईक असेल तर सोसायटीचा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये (सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांमध्ये) गच्ची, कठडा, बाहेरच्या सामाईक पाइपांमधली गळती आणि पावसाच्या पाण्याने होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेच्या जबाबदारीत धरली आहे. गच्चीतून झिरपलेल्या पाण्याने वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं छत किंवा त्याचं प्लास्टर खराब झालं, तर तेही त्यात येतं. सेक्रेटरींना तोंडी सांगून थांबू नका. फोटो जोडून लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. भाडेकरूने हा अर्ज द्यायचा नसतो, सभासद तुम्ही आहात.

स्वतः गच्चीवर जाऊन तीन गोष्टी बघा. पहिली, पाणी जाण्याच्या तोंडावरच्या जाळ्या. पाला, पतंगाचा मांजा आणि कबुतरांची पिसं तिथे अडकून बसतात. दुसरी, उतार. बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीकडे जातं की मधेच तळं होतं ते पाहा. जिथे तळं होतं तिथला कोबा (गच्चीवरचा सिमेंटचा थर) दबलेला किंवा फुगलेला असतो. तिसरी, कठड्याच्या भेगेतलं पिंपळाचं रोप. हे नुसतं मोडलं की दोन महिन्यांत दुप्पट जोमाने येतं. भेग टाचून मोकळी करावी लागते, मूळ शक्य तितकं काढावं लागतं आणि मग भेग भरावी लागते. चार पानांच्या त्या रोपाचं मूळ कोब्याखाली हातभर गेलेलं असू शकतं.

जुन्या कोब्यावर नुसता पांढरा कोट मारून देणारे पुष्कळ भेटतात. कोबा पोकळ झाला असेल तर तो कोट एखादा पावसाळा तरतो. खराट्याच्या दांड्याने किंवा छोट्या हातोडीने ठोकून बघा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कुणालाही कळतो.

खालच्या मजल्यावरचे म्हणतात, तुमच्या बाथरूममधून पाणी येतंय. खरं कसं शोधायचं?

आधी त्यांच्या घरी जाऊन डाग बघा आणि एकच गोष्ट विचारा: डाग दिवसभर ओला असतो की तुमच्याकडे आंघोळी झाल्यावर ओला होतो? कायम ओला असेल तर संशय भिंतीत गाडलेल्या पाण्याच्या पाइपावर, कारण त्यात सतत दाब असतो. आंघोळीनंतरच ओला होत असेल तर नहाणी ट्रॅप (फरशीतलं सांडपाणी जाण्याचं तोंड), फरशीचे सांधे किंवा सांडपाण्याचा पाइप. एवढ्यावरून अर्धं निदान होतं आणि सगळं बाथरूम फोडण्याची वेळ टळते.

मग पाणी भरून परीक्षा घ्या. भाडेकरूला एक दिवस ते बाथरूम वापरू नका म्हणून आधी कळवा. ट्रॅपचं तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या फडक्याने घट्ट बंद करा, उंबऱ्याच्या आत राहील असं बोटभर पाणी भरा आणि भिंतीवर पातळीची खूण करा. २४ तासांनी पातळी फारशी उतरली नाही आणि खाली ओल वाढली नाही, तर फरशी ठीक आहे. आता बूच काढा आणि पाणी एकदम जाऊ द्या. यानंतर खाली थेंब दिसले तर दोष ट्रॅपच्या सांध्यात किंवा त्यापुढच्या पाइपात.

फरशांच्या फटी नुसत्या उघड्या पडल्या असतील तर जुनं ग्राउट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून भागतं. ट्रॅपचा सांधा गेला असेल तर मात्र फोडावंच लागतं. त्यात चालढकल केली की खालच्यांच्या छताची सळई गंजते, मग प्रकरण आपल्या बाथरूमपुरतं राहत नाही. हा खर्च घरमालकाचा आहे. पाइप भाडेकरूने बसवलेला नसतो.

खिडक्यांमध्ये नेमकं काय बघायचं?

सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात. धुळीने ती बुजली की पावसाचं पाणी बाहेर न जाता आत हॉलमध्ये येतं, आणि लोक भिंतीला दोष देतात. ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. ते बाहेर गेलं पाहिजे. न गेल्यास तारेने भोकं मोकळी करा, खर्च शून्य. चौकट आणि भिंत यांच्यामधलं सिलिकॉन सुटलं असेल तर जुनं पूर्ण खरवडून नवं भरा, जुन्यावर नवं टिकत नाही.

आपल्याकडे झड नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येते. वेळ किंवा पैसा कमी असेल तर आधी त्या बाजूच्या खिडक्या, त्यांच्यावरचे छज्जे आणि एसीच्या पाइपासाठी पाडलेलं भोक बघा. ते भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं आणि भोवतीची फट भरलेली हवी.

भिंतीवर पोपडे आलेत. रंग देऊन टाकू का?

नको. आधी ओल कुठून येते ते शोधा, ती वाट बंद करा, भिंत सुकू द्या, मग रंग. भिंत सुकली का हे बघायला पारदर्शक प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला घाम आल्यासारखे थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे.

ओल झाकून रंगवलेलं घर दाखवायचं आणि जुलैत भाडेकरूने बुरशीत झोपायचं, हा व्यवहार बरोबर नाही. घरात लहान बाळ किंवा दमेकरी असेल तर हा नुसता रंगाचा प्रश्नही राहत नाही.

विजेची तपासणी कशी करायची?

वितरण पेटीत आरसीसीबी आहे का ते आधी बघा. पुष्कळ जुन्या घरांत फक्त एमसीबी असतात. एमसीबी जास्त भार आणि शॉर्ट सर्किट यांपासून वायरिंग वाचवतो. माणसाला शॉक बसत असताना वीज तोडायचं काम आरसीसीबीचं, आणि घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा लागतो. त्यावर चाचणीचं छोटं बटण असतं. दाबलं की खटका पडला पाहिजे. नाही पडला तर तो बदला. बसवलेलाच नसेल तर भाडेकरूच्या मागणीची वाट न बघता बसवून घ्या. घरभर रंग देण्याआधी मी हा खर्च करेन.

सोबत अर्थिंग तपासून घ्या, आणि गीझरचा प्रेशर व्हॉल्व्ह व गंजलेले नट बघून घ्या. ओल येणाऱ्या भिंतीवर स्विचबोर्ड असेल तर तो हलवा. ही सगळी कामं परवानाधारक वायरमनकडून.

नागपूर-अकोल्याकडे कूलरचं काय?

तिकडे उन्हाळाच मोठी परीक्षा आहे, त्यामुळे ही तपासणी मार्चमध्ये झालीच पाहिजे. पत्र्याची बॉडी, पाण्यातला पंप आणि ओल्या फरशीवर अनवाणी पाय, असा हा जीवघेणा योग असतो. पंपाची वायर कुठे सोलली आहे का आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थ जोडलेली आहे का, हे बघा. कूलर बसवला आहे त्या पॉइंटपर्यंत अर्थिंग पोचतं की नाही, तेही तपासा. पाणी भरताना प्लग काढायचा, हे भाडेकरूच्या घरातल्या सगळ्यांना सांगा, मुलांनाही. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी केली की डेंग्यूचे डास वाढत नाहीत.

गॅस, पाण्याची टाकी, वाळवी?

सिलिंडर असेल तर नळीवर छापलेली तारीख वाचा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. घरातली स्वतंत्र टाकी उन्हाळ्यातच धुऊन घ्या आणि झाकण नीट बसतं का बघा.

वाळवीसाठी दाराच्या चौकटीचा तळ, कपाटाची मागची बाजू आणि स्वयंपाकघराच्या ओट्याखालचा कोपरा बघा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या किंवा लाकूड दाबल्यावर आत गेलं, तर पेस्ट कंट्रोलवाल्याला लगेच बोलवा. पहिल्या पावसानंतर पंखवाले किडे दिव्याभोवती येऊन घरभर पंख पडले, म्हणजे वारूळ कुठेतरी जवळ आहे. फवारणीचा दिवस भाडेकरूला आधी सांगा, भांडी आणि धान्य झाकावं लागतं.

कोणता खर्च कुणी करायचा?

करारात लिहिलं असेल ते. लिहिलं नसेल तर आदर्श भाडेकरू कायद्याच्या अनुसूचीतली वाटणी मला रास्त वाटते. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींचा रंग, पाइप बदलणं आणि वायरिंग घरमालकाकडे. नळाचे वॉशर, तुंबलेला निचरा, स्विच-सॉकेट, कड्या-कुलपं, फुटलेली काच आणि डासांच्या जाळ्या भाडेकरूकडे. गीझरची दुरुस्तीही तिथे भाडेकरूच्या बाजूला आहे. माझं मत थोडं वेगळं आहे: गीझर दहा वर्षं जुना असेल तर तो घरमालकाने बदलून द्यावा.

काम चालू असताना घर वापरता येत नसेल तर तेवढ्या दिवसांचं भाडं सोडून द्या. भाडेकरू दरवर्षी बदलण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

मी भाडेकरू आहे. घरमालक दुरुस्तीचं नावच काढत नाहीत. काय करू?

तोंडी सांगणं थांबवा आणि लिहून कळवा, फोटो आणि तारखेसह. १९९९ च्या कायद्याच्या कलम १४ नुसार जागा राहण्याजोगी ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये.

इथे सावध राहा. कलम १४ ची भाषा भाडेकरूबद्दल आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याचा खरा आधार म्हणजे त्याचा करार, म्हणून दुरुस्तीचं कलम सही करण्याआधीच लिहून घ्या. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती त्याने केली नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि भांडण काहीही असो, पाणी किंवा वीज तोडायला कलम २९ ने मनाई आहे.

इमारतच जुनी असेल तर?

मग फ्लॅटच्या डागडुजीआधी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. मुंबईत म्हाडाचं दुरुस्ती मंडळ दरवर्षी पावसाळ्याआधी उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं. महापालिकेच्या वर्गवारीत 'सी-१' म्हणजे तातडीने रिकामी करायची इमारत. अशा घरात भाडेकरू ठेवू नका आणि असेल तर त्याला अंधारात ठेवू नका. बीम-कॉलमला तडे, सुटलेलं प्लास्टर, उघडी पडलेली गंजकी सळई यांतलं काहीही दिसलं तर इंजिनिअरला दाखवा, गवंड्याला नाही.

कोकणातलं कौलारू घर भाड्याने दिलंय. तिथे काय वेगळं?

आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या, आधी कौलं परतून घ्यायची. वानरांनी फोडलेली कौलं बदलायची, वासे आणि रिपा वाळवीसाठी बघायच्या. घरावर आलेल्या माडाच्या झावळ्या आणि आंब्याच्या फांद्या उतरवायच्या. पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब जाईल असे चर खणायचे. ही कामं जाणणारी माणसं गावात आता मोजकीच राहिली आहेत, त्यांना शिमग्याला भेटूनच सांगून ठेवा.

मी परदेशात असतो. पाहणी कशी करणार?

भाडेकरूला व्हिडिओ कॉलवर घर फिरवून दाखवायला सांगा. पण गच्ची, ट्रॅप आणि वितरण पेटी प्रत्यक्ष बघायला विश्वासाचा माणूस पाठवा. नातेवाईक फुकट करतील म्हणून त्यांच्यावर टाकू नका. जवळच्या एखाद्या प्लंबरला आणि वायरमनला पैसे देऊन दोन तास बोलवणं बरं. किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने न विचारता करून बिल पाठवावं, अशी एक रक्कम आधीच ठरवून लेखी कळवा. गळता नळ तुमच्या उत्तरासाठी थांबत नाही.

दुरुस्तीचा खर्च इन्कम टॅक्समध्ये दाखवता येतो का?

वेगळा नाही. घरभाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च शून्य असो वा लाखभर, वजावट तेवढीच. तरी बिलं जपून ठेवा, हमीच्या काळात काम बिघडलं तर ती लागतात.

पुण्यात विद्यार्थी मे महिन्यात घर सोडतात, नवे जूनमध्ये येतात. मधल्या दिवसांत काय उरकायचं?

जाणाऱ्यांबरोबर उभं राहून घर बघा आणि डिपॉझिटचा हिशोब तिथेच करा. भिंतीवरचे खिळे, फिकट झालेला रंग ही वापराची झीज आहे, त्याचे पैसे कापू नयेत. फुटलेलं बेसिन वेगळं. त्यानंतर क्रम असा: फोडायची आणि ओली कामं, वायरिंग, पेस्ट कंट्रोल, रंग, शेवटी साफसफाई. साफसफाईनंतर खोलीवार व्हिडिओ काढा आणि नव्या भाडेकरूला पहिल्याच दिवशी पाठवा.

चावी देताना त्याला घेऊन घरभर फिरा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह, आरसीसीबी, गॅसची कळ, गॅलरीतली जाळी हे सगळं हाताने दाखवा. प्लंबर, वायरमन आणि सोसायटीच्या वॉचमनचा नंबर द्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा, कुठे पाणी आलं का. आलं असेल तर ती जागा लगेच खडूने आखून फोटो काढायला सांगा, उन्हाळ्यात मिस्त्रीला दाखवायला तोच उपयोगी पडतो.